ही ओळ कुठल्या फाइलीत?

प्रोग्रॅमिंगचं कुठलंही साधन बसवलं की शेवटी एक सूचना हमखास येते: खालची ओळ तुमच्या डॉट-बॅशआरसी या मांडणीच्या फाइलीत टाका आणि टर्मिनल पुन्हा उघडा. ओळ टाकली जाते, साधन चालू लागतं, विषय संपतो. दोन-तीन वर्षांत अशा ओळींचा ढीग साठतो. कुठली कशासाठी होती ते आठवत नाही, टर्मिनल उघडायला सेकंद-दीड सेकंद लागायला लागतो, आणि एखादी काढून बघावी तर काय मोडेल याची धास्ती.

शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, आपल्या सोयीने मांडायचं म्हटलं की बोलणं रंग, थीम आणि फॉन्टवर येतं. ती हौस आहे, जरूर करावी. पण टर्मिनलवर ज्याचं दिवसभराचं काम आहे त्याचा वेळ रंगांमुळे वाचत नाही आणि रंगांमुळे वायाही जात नाही. तो जातो चुकीच्या जागी लिहिलेल्या बरोबर ओळींमुळे. ओळ अचूक असते, पण ती वाचलीच जात नाही, किंवा दोनदा वाचली जाते, किंवा नको त्याने वाचली जाते.

हा घोळ जुना आहे. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचं शेल आलं. ते लॉग-इनच्या वेळी डॉट-प्रोफाइल वाचायचं, आणि बस्स. त्याच सुमारास बर्कलीत बिल जॉय यांनी लिहिलेल्या सी-शेलने दोन फायली केल्या: डॉट-लॉगिन आत येताना एकदा, डॉट-सीएसएचआरसी प्रत्येक नव्या शेलला. एका मोठ्या यंत्राला अनेक टर्मिनलं जोडलेली असायची त्या काळात ही विभागणी सरळ होती. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी बॅश लिहिलं आणि त्यात दोन्हीकडच्या रीती आल्या. आता प्रश्न असा, की पडद्यावर टर्मिनलची खिडकी उघडणं म्हणजे लॉग-इन की नाही? लिनक्सवरची बहुतेक टर्मिनलं 'नाही' म्हणतात. मॅकचं टर्मिनल 'हो' म्हणतं. एकच डॉट-फाइल (नावाआधी टिंब असलेली अशी मांडणीची फाइल) दोन्ही यंत्रांवर नेणारा माणूस इथेच पहिल्यांदा अडखळतो.

बॅशचा नियम असा. लॉग-इन शेल आधी सगळ्यांसाठीची ईटीसी-प्रोफाइल वाचतं. मग घरच्या फोल्डरमध्ये डॉट-बॅश-प्रोफाइल, डॉट-बॅश-लॉगिन आणि डॉट-प्रोफाइल या क्रमाने शोधतं आणि जी पहिली सापडेल तेवढीच वाचतं. लॉग-इन नसलेलं, पण माणूस समोर बसलेलं शेल डॉट-बॅशआरसी वाचतं. 'पहिली सापडेल तेवढीच' यात एक खोडी दडली आहे. उबुंटूवर मुळात डॉट-प्रोफाइल असते, आणि तीच पुढे डॉट-बॅशआरसीला बोलावते. एखाद्या साधनाने आपली एक ओळ ठेवायला नवीन डॉट-बॅश-प्रोफाइल तयार केली, की डॉट-प्रोफाइल त्या दिवसापासून कुणी वाचत नाही, आणि तिच्यामार्फत बोलावली जाणारी डॉट-बॅशआरसीही दुसऱ्या यंत्रावरून एसएसएचने आल्यावर लागू होत नाही. नव्या साधनाचं काम उत्तम चाललेलं असतं, त्यामुळे संशय त्याच्यावर जात नाही. उपाय दोन ओळींचा: डॉट-बॅश-प्रोफाइलमध्ये फक्त डॉट-प्रोफाइल आणि डॉट-बॅशआरसी यांना बोलावणं ठेवायचं, दुसरं काही लिहायचं नाही. डॉट-प्रोफाइलच बॅशआरसीला बोलावत असेल तर एकच ओळ पुरते.

मग कुठे काय? पर्यावरणातले चल, म्हणजे पाथ (कमांड ज्या फोल्डरांत शोधायच्या त्यांची यादी), एडिटर, लँग यांसारखे, जे पोटच्या सगळ्या प्रोसेसना वारशाने मिळतात, ते प्रोफाइलमध्ये. एकदा ठरले की पुरतात. एलियस (कमांडला दिलेलं छोटं नाव), फंक्शनं, प्रॉम्प्ट (टाइप करायच्या जागेआधीचा मजकूर), टॅबची पूर्तता या गोष्टी वारशाने जात नाहीत, प्रत्येक शेलला नव्याने सांगाव्या लागतात, त्या बॅशआरसीत. डॉट-प्रोफाइल काही लिनक्सवर चित्रमय लॉग-इनच्या वेळी साधं एसएचही वाचतं, आणि डेबियन-उबुंटूवर ते एसएच म्हणजे डॅश नावाचं छोटं शेल असतं. त्यामुळे दुहेरी चौकटी कंसांसारखं बॅशचं खास व्याकरण त्या फाइलीत नको.

झेडएसएच या दुसऱ्या शेलची व्यवस्था जास्त स्वच्छ आहे. डॉट-झेडएसएचएन्व्ह प्रत्येक वेळी, अगदी स्क्रिप्ट चालवतानाही. डॉट-झेडप्रोफाइल लॉग-इनला. डॉट-झेडएसएचआरसी माणूस समोर असताना. माणूस समोर असलेलं लॉग-इन शेल एकही न गाळता या तिन्ही ओळीने वाचतं. प्रत्येक वेळी वाचली जाणारी जागा म्हणून लोक पाथ झेडएसएचएन्व्हमध्ये टाकतात आणि मॅकवर फसतात. मॅकवर ईटीसीतल्या झेडप्रोफाइलमधून पाथ-हेल्पर नावाचा छोटा प्रोग्रॅम चालतो. तो यंत्रणेचे ठरलेले रस्ते पुढे आणतो आणि तुमचे मागे ढकलतो. तो चालतो झेडएसएचएन्व्हच्या नंतर. मग तुम्ही होमब्रूने (मॅकवर साधनं बसवणाऱ्या प्रोग्रॅमने) बसवलेलं नवं गिट बाजूला पडतं आणि ॲपलचं चालतं. पाथची ओळ झेडप्रोफाइलमध्ये हलवली की प्रकरण मिटतं. होमब्रूचा रस्ताही यंत्रागणिक वेगळा: ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ऑप्ट-होमब्रू, इंटेलच्या मॅकवर युएसआर-लोकल. तो हाताने न लिहिता 'ब्रू शेलएन्व्ह' या कमांडला विचारावा.

मॅकवर झेडएसएच आपोआप मिळायला लागलं २०१९च्या कॅटालिनापासून. बॅश ४.० पासून जीपीएल या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आलं आणि ॲपल ३.२ वरच थांबली होती. ते जुनं बॅश आजही मॅकवर सापडतं, आणि त्यात नावाने शोधायचे ॲरे नाहीत. लिनक्सवर लिहिलेली स्क्रिप्ट मॅकवर अशा ॲरेच्या पहिल्याच 'डिक्लेअर'ला कोसळते ती यामुळे.

आता 'नको त्याने वाचली जाते' याबद्दल. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचमार्फत एखादी कमांड पाठवली की तिथे माणूस समोर नसतो, तरीही बॅश आपण नेटवर्कवरून बोलावले गेलो आहोत हे ओळखून डॉट-बॅशआरसी वाचतं. त्या फाइलीत कुणी स्वागताचा मजकूर किंवा हवामानाचा अंदाज छापायची हौस केली असेल, तर तो मजकूर फायली पाठवणाऱ्या आरसिंक आणि जुन्या पद्धतीच्या एससीपीच्या संवादात घुसतो. त्यांना तो नियमावलीतला शब्द वाटतो आणि ते बंद पडतात. चूक शोधायला लोक फायरवॉलपर्यंत जातात. म्हणून बॅशआरसीच्या अगदी वर पहारा हवा: डॉलर-वजा या चलात 'आय' हे अक्षर नसेल तर तिथूनच परत फिरा. उबुंटूच्या मूळ फाइलीत हा पहारा आहे. पुष्कळ जण ती फाइल पुसून स्वतःची लिहितात आणि नेमका तोच भाग गाळतात. परत फिरायला 'रिटर्न' लिहायचं, 'एक्झिट' नव्हे. सोर्स केलेल्या, म्हणजे चालू शेलनेच वाचलेल्या, फाइलीतलं एक्झिट शेललाच संपवतं, आणि ज्या अटीत ते लिहिलं असेल ती एकदा खरी ठरली की टर्मिनल उघडल्याउघडल्या बंद होऊ लागतं.

उलट, ठरल्या वेळी कामं चालवणारं क्रॉन यातलं काहीच वाचत नाही. त्याचा पाथ बहुतेक ठिकाणी युएसआर-बिन आणि बिन एवढाच. टर्मिनलवर चालणारी स्क्रिप्ट रात्री दोनला 'कमांड सापडली नाही' म्हणून थांबते, त्याचं कारण शंभरातल्या नव्वद वेळा हेच. क्रॉनसाठी पाथ क्रॉनटॅबच्या माथ्यावर किंवा खुद्द स्क्रिप्टमध्ये लिहावा. स्क्रिप्टला जे लागतं ते तिने स्वतःजवळ बाळगावं, माणसाच्या डॉट-फाइलीकडे मागू नये. मेकफाइललाही हाच न्याय: मेक प्रत्येक ओळ साध्या एसएचकडे देतं, तुमचे एलियस त्याच्या गावीही नसतात.

पाथमध्ये क्रम म्हणजे सगळं. आधीचं सापडलं की शोध थांबतो. म्हणून कुठली कमांड चालते आहे हे बघायला 'विच'पेक्षा 'टाइप -ए' बरं: ते एलियस, फंक्शन, अंगभूत कमांड आणि फायली, सगळे उमेदवार क्रमाने दाखवतं. बॅशच्या वेळी 'विच' हा वेगळा प्रोग्रॅम असल्याने त्याला तुमचे एलियस दिसतच नाहीत. नवं साधन बसवूनही जुनंच चालत असेल तर शेलने जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो. बॅशमध्ये 'हॅश -आर', झेडएसएचमध्ये 'रीहॅश' म्हणायचं. पाथमध्ये दोन कोलन लागोपाठ आले, किंवा शेवटी कोलन राहिला, तर त्या रिकाम्या जागेचा अर्थ 'मी जिथे उभा आहे ते फोल्डर' असा होतो. अनोळखी रेपोत शिरून 'एलएस' म्हटल्यावर त्यांचं 'एलएस' चालावं, अशी कुणाची इच्छा नसते. आणि बॅशआरसीत पाथ वाढवत राहिलं की शेलात शेल उघडलं किंवा टीमक्स (एका टर्मिनलात अनेक शेल ठेवणारं साधन) चालवलं की तेच रस्ते पुन्हापुन्हा जोडले जातात. झेडएसएचमध्ये 'टाइपसेट -यू पाथ' एवढ्याने दुबार नोंदी उडतात. बॅशमध्ये आधी आहे का ते तपासून जोडणारं चार ओळींचं फंक्शन लिहावं लागतं.

विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) वापरणाऱ्यांच्या पाथमध्ये विंडोजचेही सगळे रस्ते येऊन बसतात. त्यात 'प्रोग्रॅम फाइल्स' नंतर मोकळी जागा आणि कंस, म्हणून पाथ अवतरणाशिवाय वापरला की व्याकरणाची चूक. टॅब दाबल्यावर शेल त्या सगळ्या फोल्डरांत डोकावतं, म्हणून पूर्तता रेंगाळते. ईटीसीतल्या डब्ल्यूएसएल-कॉन्फमध्ये 'इंटरॉप' या भागाखाली 'अपेंड-विंडोज-पाथ'ला 'फॉल्स' केलं की टॅब पुन्हा हलका होतो. विंडोजच्या एडिटरने डॉट-फाइल वाचवली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य कॅरेज-रिटर्न चिकटतो, आणि जी कमांड नीट दिसते आहे तीच सापडत नाही म्हणून तक्रार येते. 'डॉस-टू-युनिक्स' फिरवून घ्यावं.

एलियस, फंक्शन आणि स्क्रिप्ट यांतलं काय कधी, यात मतभेद आहेत. माझं मत सांगतो. नाव छोटं करायचं आणि पुढे काही जोडायचं नाही, तर एलियस. मधे कुठे तरी शब्द घालायचा आहे, किंवा फोल्डर बदलायचं आहे, तर फंक्शन. कारण एलियसला स्वतःचे आर्ग्युमेंट नसतात, तो फक्त शब्दाच्या जागी शब्द ठेवतो. फोल्डर बनवून लगेच त्यात शिरणं हे फंक्शननेच होतं: स्क्रिप्ट स्वतःच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये फोल्डर बदलते आणि संपते, तुम्ही जिथल्या तिथे. बाकी दहा ओळींच्या पुढे गेलेलं काहीही स्क्रिप्ट म्हणून घरच्या बिन फोल्डरमध्ये ठेवावं. ते दुसऱ्या शेलमधून, मेकफाइलमधून, एडिटरमधूनही चालतं. गिटचे छोटे शब्द गिटच्याच कॉन्फिगमध्ये शोभतात.

एलियस लिहिताना अवतरण एकेरी ठेवावं. दुहेरीत डॉलरने सुरू होणारं जे असेल ते एलियस लिहिताना एकदाच उलगडतं. तारखेच्या नावाने फोल्डर करणारा एलियस मग दिवसभरच नव्हे, खिडकी उघडी असेपर्यंत उघडल्या दिवसाचीच तारीख देत राहतो.

आणि 'आरएम'वर 'आरएम -आय' चढवू नये. ही सुरक्षा वाटते, पण ती हाताला चुकीची सवय लावते: न बघता आरएम मारायचं, विचारेल तेव्हा बघू. त्याच हाताने परक्या सर्व्हरवर आरएम मारलं की विचारणारं कुणी नसतं. ग्नूच्या आरएमला मोठ्या 'आय'चा पर्याय आहे. तीनपेक्षा जास्त फायली असतील किंवा आत-आत जाऊन पुसायचं असेल तेव्हाच तो एकदा विचारतो. तो हवा तर वेगळ्या नावाने घ्यावा. मूळ नावाला मूळ अर्थ राहू द्यावा. नवं नाव आठवलं नाही तर 'सापडली नाही' एवढंच होतं. हीच बाब ग्रेपवर रिपग्रेप आणि कॅटवर बॅट बसवणाऱ्यांची. रिपग्रेप गिट-इग्नोअरमधल्या फायली आपणहून वगळतं. ग्रेप समजून शोधणाऱ्याला 'कुठेच नाही' असं उत्तर मिळतं आणि तो ते खरं मानतो.

प्रॉम्प्टबद्दल थोडक्यात. कुठल्या यंत्रावर, कुठल्या फोल्डरमध्ये, कुठल्या ब्रांचवर आणि आधीची कमांड फसली का, इतकं दिसलं की पुरे. खऱ्या ग्राहकांच्या सर्व्हरवर यंत्राचं नाव लाल असावं. बॅशमध्ये रंगाचे संकेत \[ आणि \] यांच्या आत ठेवले नाहीत, तर शेल ते अदृश्य संकेतही रुंदीत मोजतं, आणि लांब कमांड दुसऱ्या ओळीवर न जाता त्याच ओळीवर स्वतःलाच लिहून टाकते. आधीच्या कमांडचा निकाल दाखवायचा तर डॉलर-प्रश्नचिन्ह हे प्रत्येक प्रॉम्प्टआधी चालणाऱ्या प्रॉम्प्ट-कमांडच्या पहिल्याच ओळीत उचलून ठेवावं, नंतर ते प्रॉम्प्टच्याच एखाद्या कामाचा निकाल होतं. गिटची अस्वच्छ स्थिती दाखवणारी खूण मोठ्या रेपोत प्रत्येक एन्टरला संपूर्ण झाड चाळायला लावते. स्टारशिपसारखा तयार प्रॉम्प्ट वापरला तर तो अर्ध्या सेकंदानंतर गिटच्या त्या कमांडचा नाद सोडतो, पण प्रत्येक एन्टरला अर्धा सेकंद हाही फार झाला.

खरा ऐवज हिस्टरीत असतो. सहा महिन्यांपूर्वी एकदाच चालवलेली डेटाबेसची ती लांबलचक कमांड, सगळ्या पर्यायांसकट. आणि मूळ मांडणीत तीच सर्वांत कंजूषपणे राखली जाते. बॅश स्वतःहून ५०० ओळी ठेवतं. झेडएसएच तर ३० ओळी स्मरणात ठेवतं आणि फाइलीत शून्य. मॅकवर ॲपलने हे आकडे २००० आणि १००० केलेत, तेही थोडेच. दोन्हीकडे लाखाच्या घरातला आकडा टाकावा; साध्या मजकुराची फाइल आहे, काही मेगाबाइटच्या वर जात नाही. बॅश ४.३ पासून ऋण आकडा दिला की मर्यादाच उठते.

बॅश हिस्टरी लिहितं ती शेल बंद होताना. चार खिडक्या उघड्या असल्या की 'हिस्टअपेंड' चालू नसेल तर एकीचं लिहिलेलं दुसरी झाकून टाकू शकते, आणि लॅपटॉप मधेच बंद पडला तर कुणाचंच उरत नाही. हिस्टअपेंड चालू करावं आणि प्रॉम्प्ट-कमांडमध्ये 'हिस्टरी -ए' घालावं, म्हणजे प्रत्येक एन्टरनंतर ओळ फाइलीत पडते. 'हिस्ट-टाइम-फॉरमॅट' ठरवून ठेवलं की वेळेचीही नोंद होते. ही सोय पहिल्याच दिवशी करावी, कारण मागच्या ओळींची वेळ नंतर मिळत नाही. यातला कमी ठाऊक असलेला सापळा: कधी तरी दुरुस्तीसाठी 'बॅश --नोआरसी' उघडलं जातं. त्या शेलला तुमचा लाखाचा आकडा माहीतच नसतो. बंद होताना ते ५००चा नियम लावून फाइल छाटतं, आणि वर्षांची हिस्टरी जाते. म्हणून बॅशआरसीत हिस्टरीच्या फाइलीचं नावच वेगळं द्यावं. परक्या शेलने मूळ नावाची फाइल छाटली तरी ही सुरक्षित.

झेडएसएचमध्ये 'शेअर-हिस्टरी' लावा असा सल्ला सर्रास मिळतो. त्याने सगळ्या खिडक्यांची हिस्टरी एक होते. एका खिडकीत सर्व्हर, दुसरीत चाचण्या अशी मांडणी असेल तर वरचा बाण दाबल्यावर दुसऱ्याच खिडकीतली कमांड समोर येते, आणि सवयीने एन्टर दाबला जातो. 'इन्क-अपेंड-हिस्टरी' पुरे: फाइलीत लगेच जातं, पण खिडकीची आपली आठवण आपलीच राहते. दुसरीकडचं हवं तेव्हा 'एफसी -आरआय' म्हणून ओढून घेता येतं. शोधायला एफझेडएफ बसवावं. कंट्रोल-आर दाबल्यावर पडद्यावर यादी आणि अक्षरं सलग नसली तरी जुळणी. त्याचं ऑल्ट-सी मॅकवर चालत नाही, कारण मॅकची ऑप्शन कळ 'ç' छापते; टर्मिनलच्या सेटिंगमध्ये ऑप्शनला मेटा करावं. कंट्रोल-एस दाबल्यावर टर्मिनल गोठतं ते बिघाडामुळे नव्हे. ती जुन्या टर्मिनलांची 'थांब' अशी खूण. कंट्रोल-क्यूने सुटतं, आणि 'एसटीटीवाय -इक्सॉन' बॅशआरसीत टाकलं की तीच कळ पुढच्या दिशेने शोधायला मोकळी होते.

पासवर्ड किंवा टोकन असलेली कमांड हिस्टरीत नको असेल तर आधी एक मोकळी जागा सोडून लिहावी. बॅशमध्ये त्यासाठी 'हिस्टकंट्रोल' ला 'इग्नोअरबोथ' हवं, झेडएसएचमध्ये 'हिस्ट-इग्नोअर-स्पेस'. मात्र त्यामुळे कमांड चालू असताना पीएसच्या (चालू प्रोसेसच्या) यादीत ती दिसायची राहत नाही. टोकन बॅशआरसीतही लिहू नयेत, कारण ती फाइल उद्या गिटहबवर जाणार असते. प्रकल्पाचे चल प्रकल्पापाशी: डायरेन्व्ह हे साधन फोल्डरमध्ये शिरताना डॉट-एन्व्हआरसीतले चल लावतं आणि बाहेर पडताना काढतं, आणि फाइल बदलली की तुम्ही 'अलाउ' म्हणेपर्यंत हात लावत नाही. त्याने एलियस मात्र लागत नाहीत. ते बॅशची वेगळी प्रोसेस चालवून त्यातले फक्त चल उचलून आणतं.

शेल उघडायला लागणारा वेळ मोजावा, अंदाज करू नये. 'टाइम झेडएसएच -आय -सी एक्झिट' तीन-चारदा चालवून बघायचं. पाव सेकंदाच्या आत असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर झेडएसएचआरसीच्या पहिल्या ओळीत झेडप्रॉफ हे मॉड्युल लोड करायचं आणि शेवटच्या ओळीत 'झेडप्रॉफ' म्हणायचं. कुठल्या फंक्शनने किती मिलिसेकंद खाल्ले याचा तक्ता येतो. गुन्हेगार बहुधा ठरलेले. नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं एनव्हीएम ही हजारो ओळींची शेल-स्क्रिप्ट आहे आणि ती प्रत्येक खिडकीला पूर्ण वाचली जाते. तिला '--नो-यूज' देता येतं, किंवा पहिल्यांदा 'नोड' म्हटल्यावरच लोड करायची युक्ती करता येते. युक्तीत अडचण अशी की नोडने बसवलेली बाकीची साधनं आणि एडिटर यांना तोवर काहीच सापडत नाही. त्यापेक्षा एफएनएम किंवा मिज यांसारखं झटपट साधन घ्यावं. दुसरा गुन्हेगार कॉम्पइनिट. झेडएसएचची टॅब-पूर्तता उभी करणारं हे फंक्शन एकदाच चालायला हवं. झेडएसएचची तयार मांडणी देणारं ओह-माय-झेडएसएच ते चालवतं, खाली कुठल्याशा साधनाने तुमच्याकडून आणखी एकदा लिहून घेतलेलं असतं. पूर्ततेच्या फायली ज्या फोल्डरमध्ये आहेत ते 'एफपाथ'मध्ये कॉम्पइनिटच्या आधी जोडावं लागतं, नाही तर टॅब मुका राहतो. तिसरा: प्रत्येक साधनाची 'इव्हॅल' ओळ. क्युबसीटीएलसारख्या साधनाची पूर्तता दर वेळी नव्याने छापून घेण्याऐवजी एकदा फाइलीत लिहून ठेवावी आणि साधन अद्ययावत केलं की ती फाइल पुन्हा करावी.

या संथपणाची झळ टर्मिनलपुरती राहत नाही. डॉकमधून उघडलेला व्हीएस कोड तुमचे चल मिळवायला पाठीमागे एक शेल चालवतो. ते दहा सेकंदांत परतलं नाही तर तो 'शेलचं पर्यावरण मिळालं नाही' म्हणतो आणि अर्धवट पाथवर काम सुरू करतो.

ओह-माय-झेडएसएच रॉबी रसेल यांनी २००९ मध्ये सुरू केलं. नवख्याला ते चांगलं दार आहे. पण त्याचं एकटं गिट-प्लगिन शंभराहून जास्त एलियस आणतं, आणि त्यातले पाच वापरायला सगळे वागवण्यात अर्थ नाही. त्या पाच ओळी स्वतः लिहाव्यात. कमांड रंगवणारं सिंटॅक्स-हायलायटिंग घेतलं तर ते सर्वांत शेवटी लोड व्हावं, कारण आधी बांधलेल्या कळ-कृतींना ते वेढून बसतं. नंतर आलेल्या त्याला दिसत नाहीत. हे सगळं न लिहिताच हवं असेल त्याने फिश बघावं. २००५ पासूनचं शेल आहे, रंग आणि सुचवण्या अंगच्या. अडचण इतकीच की इंटरनेटवरून उचललेली बॅशची कमांड त्यात जशीच्या तशी चालेलच असं नाही. हिअरडॉक, म्हणजे कमांडलाच अनेक ओळींचा मजकूर देण्याची पद्धत, तर नाहीच.

फाइल बदलताना जुनी खिडकी उघडी ठेवायची. आधी 'बॅश -एन' किंवा 'झेडएसएच -एन' ने व्याकरण तपासायचं, मग नवी खिडकी उघडून बघायचं. 'सोर्स' केल्याने फाइल जुन्यावर नवी चढते. काढून टाकलेला एलियस त्या खिडकीत जिवंतच राहतो आणि तुमची समजूत भलतीच होते. 'एक्झेक झेडएसएच' म्हटलं की एलियस-फंक्शनं नव्याने येतात, मात्र निर्यात केलेले चल मागच्या शेलमधूनच येतात, त्यासाठी नवी खिडकीच हवी. पाथच मोडला आणि एलएसही सापडेनासं झालं तर पाथला युएसआर-बिन आणि बिन एवढं देऊन घ्यायचं. 'एक्सपोर्ट' अंगभूत असल्याने ते चालतं. दूरच्या सर्व्हरवर स्वतःला बाहेर कोंडलं असेल तर एसएसएचला '-टी' देऊन पुढे 'बॅश --नोआरसी --नोप्रोफाइल' लिहावं. सर्व्हरच्या बाजूला तुमचं लॉग-इन शेल बॅश असेल तर ते सुरुवातीला बॅशआरसी वाचेलच, म्हणून मोडलेल्या ओळी पहाऱ्याच्या खाली असतील तरच ही वाट उघडी. नसतील तर एसएफटीपीने फाइलीचं नाव बदलून पाहावं, आणि तेही नाही जमलं तर यजमान कंपनीचा कन्सोल. फाइलीच्या शेवटी 'ही दुसरी फाइल असेल तर वाच' अशी 'आणि-आणि' ची ओळ असेल आणि फाइल नसेल, तर निकाल १ उरतो आणि नव्या खिडकीचा पहिलाच प्रॉम्प्ट लाल दिसतो. 'इफ' वापरला की तो हिरवा.

मराठीत फायलींची नावं ठेवणाऱ्यांसाठी आणखी थोडं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. गिट मूळ मांडणीत असे बाइट अष्टमान आकड्यांत छापतं, म्हणून 'पत्र' या नावाची फाइल \३४०\२४४\२५२ अशी सुरू होऊन ४८ चिन्हांची होते: चार चिन्हं, बारा बाइट, प्रत्येकाला एक बॅकस्लॅश आणि तीन आकडे. गिटच्या कॉन्फिगमध्ये 'कोअर-कोटपाथ' 'फॉल्स' केलं की 'पत्र' दिसतं. सर्व्हरवर लँगसाठी 'सी.यूटीएफ-८' सोयीचं: अक्षरं नीट, क्रम बाइटांचा आणि सगळीकडे सारखा. मॅकवरून लिनक्सवर गेल्यावर पर्लची लोकेलबद्दलची (भाषा-अक्षरांच्या मांडणीबद्दलची) लांब तक्रार येते, कारण मॅक 'एलसी-सीटाइप' मध्ये नुसतं 'यूटीएफ-८' पाठवतं आणि ते लिनक्सला कळत नाही. टर्मिनलच्या सेटिंगमधली लोकेल लावायची खूण काढावी.

रुंदीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. टर्मिनल प्रत्येक चिन्हाला शून्य, एक किंवा दोन घरं देतं. उकार आणि मात्रा यांना शून्य, काना आणि वेलांटीला एक. जोडाक्षर फॉन्ट एकत्र जोडून काढतो आणि शेल ते दोन घरांचं धरतं, मग कर्सर अक्षरापासून दूर उभा राहतो. झेडएसएचमध्ये 'कंबायनिंग-कॅर्स' लावावं, आणि प्रॉम्प्ट दोन ओळींचा करावा: फोल्डरचं नाव वरच्या ओळीत, टाइप करायची जागा खालच्या कोऱ्या ओळीवर. वर कितीही चुकीचं मोजलं गेलं तरी खाली लिहिताना फरक पडत नाही.

कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर राहिला असेल तर 'एलएस'च्या कळांनी 'ते' उमटतं, 'मेक'च्या कळांनी 'सोका'. 'ते' नावाचा एलियस बॅश आणि झेडएसएच दोघांनाही चालतो, त्यामुळे मोह होतो. पण मागे पर्याय असतील तर तेही मराठीतच उमटतात: 'एलएस -एलए'चं 'ते -तो' होतं, आणि एलएसला 'तो' हा पर्याय माहीत नाही. त्यापेक्षा शेलमध्ये कमांड न सापडल्यावर बोलावलं जाणारं फंक्शन लिहावं. बॅश ४.० पासून त्याचं नाव 'कमांड-नॉट-फाउंड-हँडल', झेडएसएचमध्ये शेवटी 'हँडलर', मधे रेघेऐवजी अंडरस्कोर. आलेल्या शब्दात देवनागरी आहे का ते ग्रेपच्या मोठ्या 'पी' पर्यायाने तपासायचं. मॅकच्या ग्रेपला तो नाही, तिथे शब्दाचे बाइट बघावे लागतात. असेल तर 'कीबोर्ड मराठीवर आहे' एवढं छापायचं आणि १२७ परत करायचं. उबुंटूवर याच नावाचं फंक्शन आधीच असतं, न सापडलेली कमांड कुठल्या पॅकेजात आहे ते सांगणारं. तुमचं त्याच्यावर चढेल, म्हणून शब्द देवनागरी नसेल तेव्हा युएसआर-लिबमधल्या त्याच्या मूळ प्रोग्रॅमला हाक मारायची. हे सगळं बॅशआरसीत, पहाऱ्याच्या खाली.